जोडीसाठी अकरा हजार किलोमीटर

१९५९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका इथे वायएमसीएची ज्युदो स्पर्धा होती. सांघिक लढती. ब्रुकलिनहून आलेल्या एका संघातला एक गडी जायबंदी झाला आणि राखीव खेळाडूला गादीवर उतरावं लागलं. केस बारीक कापलेले, छातीभोवती इलॅस्टिकचं बँडेज घट्ट आवळलेलं, वरून बाकीच्यांसारखाच जाड पांढरा ज्युदोगी. सूचना एवढीच होती की बरोबरी साधून ये, उगाच कुणाच्या डोळ्यांत भरू नकोस. राखीव खेळाडूने समोरच्याला उचलून आपटला. संघ जिंकला, पदकं मिळाली. मग आयोजकांपैकी एकाने त्या खेळाडूला बाजूला घेतलं आणि विचारलं, तू मुलगी आहेस का?

ती हो म्हणाली. पदक परत द्यावं लागलं, नाहीतर सगळ्या संघाचंच गेलं असतं.

ही रीना. सगळे तिला रस्टी म्हणत. जन्म १९३५चा, ब्रुकलिनच्या कोनी आयलंडचा. १९५५मध्ये एका मित्राने ज्युदोचा एक डाव करून दाखवला, तेव्हापासून ती या खेळाला चिकटली. पुढे लग्नानंतर ती रस्टी कानोकोगी म्हणून ओळखली गेली. ते पदक तिला वायएमसीएने परत दिलं ऑगस्ट २००९मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. त्यानंतर तीन महिन्यांनी, २१ नोव्हेंबरला, ती वारली.

पदकाची ही गोष्ट बरेचदा सांगितली जाते. मला त्यानंतरचा भाग अभ्यासायचा आहे. पदक गेल्यावर तीन वर्षांनी, १९६२मध्ये, रस्टी ज्युदो शिकायला टोकियोला गेली. आधीच शिकत असलेली गोष्ट शिकायला ती एवढ्या लांब का गेली, तिथे तिला काय मिळालं, आणि पत्ता बरोबर होता का, हे तीन प्रश्न या प्रकरणात आहेत. तिसऱ्याचं उत्तर मला वाटलं होतं तितकं सरळ निघालं नाही.

अंतराचा हिशेब

युद्धकलेसाठी माणसं किती लांब जातात असं विचारलं की उत्तर किलोमीटरमध्ये येतं. किलोमीटरवरून इथे फारसं काही कळत नाही. साधं उदाहरण घेऊ. आठवड्यातून दोन वर्ग, प्रत्येकी दीड तासाचे. जायला एक तास, यायला एक तास. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर सराव होतो १५० तास आणि प्रवास २०० तास. या माणसाचा मुख्य छंद प्रवास आहे, मधूनमधून तो गादीवरही पडतो.

न्यूयॉर्क ते टोकियो हे अंतर सरळ रेषेत अकरा हजार किलोमीटरला थोडंसंच कमी. पण ते एकदाच कापायचं. सरावाच्या जागेजवळ मुक्काम ठोकला, आठवड्याचे सहा दिवस अडीच-अडीच तास गादीवर काढले, तर पहिल्या माणसाचे वर्षभराचे १५० तास दहा आठवड्यांत भरतात. अंगही वेगळं तयार होतं. आज चुकलेला डाव उद्या सकाळी पुन्हा करून बघता येतो, तीन दिवसांनी 'परवा आपण काय करत होतो' इथून सुरुवात करावी लागत नाही. शिवाय घामेजल्या अंगाने तासभर परतीचा प्रवास नाही, आणि पाऊस पडतोय म्हणून बुडवलेला वर्गही नाही.

म्हणून लांब जाणाऱ्याला वेडा ठरवायची मला घाई वाटत नाही. त्याची किंमत वेगळ्या खात्यात पडते. नोकरी सोडावी लागते, घर मागे राहतं, भाषा येत नसते, परत आल्यावर सगळं नव्याने जुळवावं लागतं. रोजच्या प्रवासाने माणूस थोडाथोडा झिजतो, इथे सगळं एकाच वेळी मोजावं लागतं. कोण कुठली किंमत मोजू शकतो हे जिद्दीइतकंच परिस्थितीवरही असतं. तासाभराच्या प्रवासाला कंटाळून वर्ग सोडणाऱ्याला नावं ठेवणाऱ्या उस्तादांनी हे ध्यानात घ्यावं.

घरी काय नेता येतं

पण एवढ्याने रस्टीचा निर्णय समजत नाही. ब्रुकलिनमध्ये तिला सराव मिळत होताच. ती पुरुषांबरोबर खेळत होती, आणि त्यांनीच तिला संघात घेतलं होतं. मग टोकियोच का?

इथे युद्धकलांमधला एक फरक बघावा लागतो. कराटेचे गुरू गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) जपानच्या ओकिनावा बेटावर तरुण शिक्षक असताना रात्री कंदील घेऊन गुरू आझातो यांच्या घरी चालत जात आणि तिथे महिनोन्‌महिने एकच काता घोटत. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. ती एकट्याने करता येते. गुरूने दुरुस्त केलेला पवित्रा घेऊन माणूस घरी येतो, आपल्या अंगणात तो हजार वेळा करतो, पुन्हा दाखवायला जातो. ओकिनावातल्याच नाहा शहराचे कानर्यो हिगाओन्ना समुद्र ओलांडून चीनमधल्या फुझौला गेले, तिथे शिकले आणि परत येऊन त्यांनी ते ओकिनावात रुजवलं. त्यांचे शिष्य चोजुन मियागी १९१५मध्ये त्याच फुझौला जाऊन आले. अशा कलेत विद्या गाठोडं बांधून नेता येते. प्रवास करायचा तो गुरूपर्यंत. पुढचं काम आपलं आपण.

ज्युदोचं निम्मंअधिक असं बांधून नेता येत नाही. डावात शिरण्याची पुनरावृत्ती, जिला उचिकोमी म्हणतात, ती खांबाला रबरी पट्टा बांधूनही करता येईल. पडण्याचा सराव, म्हणजे उकेमी, एकट्याने करता येते. पण फेक लागते ती समोरच्याचा तोल ढळतो त्या क्षणी, आणि तो क्षण समोरच्याच्या विरोधातून तयार होतो. त्याने ढकललं म्हणून तुम्ही ओढलं. त्याने पाय मागे घेतला म्हणून तुमचा दुसरा पाय आत गेला. हे शिकायला रांदोरी लागते, म्हणजे मोकळी झटापट, जिच्यात दोघांनाही एकमेकांना खरोखर पाडायचं असतं. आणि तीही एकाच माणसाशी नाही. उंच, बुटका, डावखुरा, पकड लवकर घेणारा, पकडच न देणारा, जमिनीवर नेऊन गळा आवळणारा. छोट्या क्लबात सहा महिन्यांत सगळ्यांना सगळ्यांचे डाव पाठ होतात. मग माणूस डाव सुधारत नाही, ओळखीच्या चार माणसांना हरवायच्या युक्त्या सुधारतो.

कुस्तीच्या भाषेत याला एक नेमका शब्द आहे : जोड. मल्ल जोड बघतो. उस्ताद कितीही मोठा असला तरी तालमीत जोड नसेल तर पोराची वाढ खुंटते, आणि मग तोच उस्ताद त्याला दुसऱ्या तालमीचा रस्ता दाखवतो. लांब जाणाऱ्यांना विचारलं तर बहुतेक जण गुरूचं नाव सांगतात, ते ऐकायला बरंही वाटतं. परत आल्यावर ते ज्या गोष्टी सांगतात त्या मात्र बहुतेक करून बरोबर खेळलेल्यांच्या असतात : कुणी किती वेळा आपटलं, कुणाच्या पकडीने बोटं सोलून निघाली.

नेदरलँड्सच्या अँटन गेसिंकचंही असंच. १९६१मध्ये पॅरिसला त्याने जगज्जेतेपद मिळवलं, १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खुल्या गटाच्या अंतिम लढतीत जपानच्या अकिओ कामिनागाला दाबून धरून सुवर्ण नेलं. हा माणूस सरावाला तेन्री विद्यापीठात जात असे. सहा फुटांहून बराच उंच आणि तसाच वजनदार. घरी त्याची जोड सापडणं कठीणच होतं.

रस्टीची अडचण याहून एक पायरी पुढची. गेसिंकला जोड हवी होती. तिला जोड हवी होती आणि ती घेण्याची परवानगीही.

जिथे जायचं तिथली स्थिती

कोदोकान ही ज्युदोची मूळ संस्था. जिगोरो कानोंनी १८८२मध्ये टोकियोतल्या एइशोजी मंदिरात बारा तातामींच्या, म्हणजे गवती चटयांच्या, जागेत ती सुरू केली, विद्यार्थी होते नऊ. १८९३मध्येच त्यांनी एका स्त्रीला शिकवायला घेतलं, १९२६मध्ये कोदोकानात स्त्रियांचा रीतसर विभाग निघाला. त्या काळाच्या मानाने हे थोडं नव्हतं. पण त्या विभागाला कुंपण होतं. स्त्रियांचा भर कातावर, रांदोरी आपसात आणि जपून, स्पर्धा नाही. स्त्रीच्या काळ्या पट्ट्याच्या मधोमध एक लांब पांढरी रेघ असे, म्हणजे दुरूनच कळावं.

या विभागात वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या केइको फुकुदांचं उदाहरण बघा. ज्यांच्याकडे कानो तरुणपणी जुजुत्सू, म्हणजे ज्युदोच्या आधीची झटापटीची कला, शिकले त्या हाचिनोसुके फुकुदांची ही नात. १९३५मध्ये कोदोकानात आली ती कानोंच्या स्वतःच्या बोलावण्यावरून. १९५३मध्ये पाचवी दान पदवी (काळ्या पट्ट्यातल्या पायऱ्यांना दान म्हणतात) मिळाली आणि मग गाडी अडली, कारण स्त्रियांना त्यावर जागाच नव्हती. सहावी दान मिळाली १९७२मध्ये. एकोणीस वर्षं एका पायरीवर, आणि तेही संस्थापकाच्या गुरूच्या घराण्यातली असून.

म्हणजे स्पर्धेत उतरता येत नाही म्हणून रस्टी घर सोडून निघाली, असं म्हणावं तर ती जिथे चालली होती तिथेही स्त्रियांना स्पर्धा नव्हतीच. पत्ता चुकला का? पहिल्यांदा हे प्रकरण वाचताना मला तसंच वाटलं होतं. ज्या आजारावर औषध शोधायला निघालो तोच आजार वैद्याच्या घरी, अशातली गत.

यात एक उपरोधही आहे. कोदोकानचे योशित्सुगु यामाशिता १९०३मध्ये अमेरिकेत गेले आणि थिओडोर रूझवेल्ट यांना व्हाइट हाउसमध्ये ज्युदो शिकवू लागले. त्यांच्या पत्नी फुदे याही सोबत होत्या, आणि त्या वॉशिंग्टनमधल्या बायकांना शिकवत. म्हणजे रस्टीच्या आधी साठ वर्षं तिच्याच देशात एक स्त्री दुसऱ्या स्त्रियांना ज्युदो शिकवत होती. ती वाट पुढे कुणी रुंद केली नाही.

शेवटचं दालन

टोकियोत पोहोचल्यावर रस्टीला अर्थातच स्त्रियांच्या विभागात पाठवलं गेलं. तिथे तिला तंत्र मिळालं, शिस्त मिळाली. जोड मिळाली नाही. ब्रुकलिनच्या रस्त्यांवर वाढलेली ही दणकट बाई पुरुषांशी झटून तयार झाली होती. जपून खेळायची सवय असलेल्या बायकांवर ती भारी पडू लागली.

मग कोदोकानने तिला मुख्य दालनात पुरुषांबरोबर सराव करू दिला. अशी परवानगी मिळालेली ती पहिली स्त्री.

या प्रकरणातला माझ्या लेखी सगळ्यात मोठा प्रवास हाच. अकरा हजार किलोमीटरसाठी तिकीट मिळतं. एका दालनातून दुसऱ्या दालनात जायला तिकीट नसतं, तिथे गादीवर रोज उतरून समोरच्यांना विचार करायला लावावं लागतं. मला हेही महत्त्वाचं वाटतं की ती परवानगी युक्तिवादाने मिळालेली नाही. तिची अडचण लोकांच्या डोळ्यांसमोर होती : हिला इथे खेळायला कुणी उरलेलं नाही. कुठल्याही तालमीतल्या जुन्या माणसाला एवढं पटतं. स्त्रीने काय करावं आणि काय करू नये यावर त्याचं मत काहीही असो, जोडीविना ताटकळलेला खेळाडू त्याच्याने बघवत नाही.

मुख्य दालनात तिची गाठ रयोहेई कानोकोगींसारख्या कसलेल्या ज्युदोकांशी पडली. १९६४मध्ये दोघांनी न्यूयॉर्कला लग्न केलं. त्याच वर्षी ज्युदो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, पुरुषांचे चार गट घेऊन. स्त्रियांचा एकही नाही.

पत्ता चुकला होता का

तर मग तिसरा प्रश्न. स्पर्धा टोकियोतही नव्हती, मग जाऊन साधलं काय?

एक तर जोड, तिच्याबद्दल वर आलंच आहे. दुसरं जे मिळालं ते जाताना तिच्या मनात होतं की नाही यावर मी पैज लावणार नाही, पण पुढच्या घडामोडींवरून त्याचं वजन कळतं. प्रत्येक युद्धकलेत 'मूळ ठिकाणी असं करत नाहीत' हे एक वाक्य ब्रह्मास्त्रासारखं वापरलं जातं. मुलींनी लढायचं नाही? मूळ ठिकाणी लढत नाहीत. विषय संपला. मूळ ठिकाण समुद्रापलीकडे असतं, तपासायला कुणी जात नाही, आणि स्थानिक संघटनेची सोय झालेला नियम परंपरा म्हणून खपतो. रस्टी मूळ ठिकाणी जाऊन आली होती, आणि तिथल्या पुरुषांच्या दालनात उभी राहिली होती. ब्रह्मास्त्र तिच्यावर चालेनासं झालं.

आजही लांब जाणाऱ्या पुष्कळांच्या बाबतीत हा फायदा शिकण्याइतकाच मोठा असतो. काही जण तो मिरवण्यासाठी वापरतात. भिंतीवर मोठ्या गुरूसोबतचा फोटो, त्याखाली स्वतःचा वर्ग. आठवडाभराच्या शिबिराला जाऊन आलेल्या माणसाच्या तोंडी 'आम्ही तिकडे होतो तेव्हा' हे शब्द वर्षानुवर्षं ऐकलेले वाचक असतीलच. अंतर जास्त म्हणजे विद्या जास्त, असा सरळ हिशेब नसतो. तिथे किती दिवस राहिलात, कुणाशी खेळलात आणि किती वेळा पडलात, एवढं विचारलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

रस्टीने तो फायदा संघटनांशी भांडायला वापरला. आणि भांडताना तिच्या मागणीने प्रवासाची दिशाच बदलली. आपण लांब जायचं हे एकदा झालं. आता लढती आपल्या दारात आणायच्या.

उलट्या दिशेने

इकडे कोदोकानातून दुसरं कुणीतरी उलट निघालं होतं. १९६६मध्ये, पन्नाशी ओलांडलेल्या केइको फुकुदा अमेरिकेत शिकवायला गेल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या होऊन राहिल्या. पाच फुटांहूनही थोड्या बुटक्या या बाईंनी लग्न आणि ज्युदो यांतून ज्युदो निवडलं होतं. तिथे त्यांनी स्त्रियांसाठी वर्ग चालवला आणि नव्वदीतही त्या गादीकाठी बसून शिकवत. कोदोकानने २००६मध्ये त्यांना नववी दान दिली, अमेरिकी संघटनेने २०११मध्ये दहावी. २०१३मध्ये नव्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. शिकणारा गुरूकडे जातो ही ठरावीक गोष्ट. गुरूच शिकणाऱ्यांकडे जाऊन राहिला तर शेकडो जणींचा प्रवास वाचतो, हे त्यांच्या आयुष्यात दिसतं.

या प्रकरणाचा शेवट बहुतेक जण ऑलिंपिकपाशी करतात, आणि त्यात चूक काहीच नाही. रस्टीने ऑलिंपिक समितीला कोर्टात खेचायची धमकी दिली होती. १९८८मध्ये सोलला स्त्रियांचं ज्युदो प्रात्यक्षिक खेळ म्हणून आलं, अमेरिकी मुलींची प्रशिक्षक तीच होती. १९९२मध्ये बार्सिलोनाला रीतसर पदकं सुरू झाली. जपान सरकारने २००८मध्ये तिला 'ऑर्डर ऑफ द रायझिंग सन' हा सन्मान दिला.

पण प्रवासाचा हिशेब लावायचा तर मला १९८० जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस स्त्रियांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा झाली ती न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. पैसे कमी पडत होते म्हणून रस्टीने राहतं घर गहाण टाकलं. सत्तावीस देशांच्या मुली आल्या. सर्वांत हलक्या, ४८ किलोच्या गटात ब्रिटनची जेन ब्रिज जिंकली आणि ज्युदोतली पहिली स्त्री जगज्जेती ठरली.

जपानमध्ये स्त्रियांची वजनगटवार राष्ट्रीय स्पर्धा सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती, १९७८पासून. तिथूनही संघ आला होता. त्यात टोकियोची काओरी यामागुची नावाची एक मुलगी होती, सोळावं पूर्ण व्हायला महिना बाकी असलेली. जगातल्या मुलींशी खेळायचं तर तेव्हा जागा एकच होती, आणि ती न्यूयॉर्कला होती. ५२ किलोच्या अंतिम लढतीत ती ऑस्ट्रियाच्या एडिथ ह्रोव्हाटकडून हरली आणि रुपेरी पदक घेऊन टोकियोला परतली.